जागा निघालीय

"ताई, माझीच जागा साइटवर आलीय," एवढं बोलून तो फोनवर गप्प झाला. मला आधी वाटलं, कुठेतरी लागला असेल, आनंदाने सांगतोय. मग उलगडा झाला. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात गेली काही वर्षं तो एका सामाजिक संस्थेत ज्या पदावर काम करत होता, त्याच पदाची जाहिरात त्याने रात्री मोबाईलवर, अशा संस्थांच्या नोकऱ्यांच्या साइटवर पाहिली होती. पदनाम तेच, तालुका समन्वयक. मुख्यालय तेच, धडगाव. कामांची यादीही जवळपास शब्दाला शब्द तीच. खाली अर्जाची शेवटची तारीख. जुना प्रकल्प 31 मार्चला संपणार हे त्याला माहीत होतं, नवा देणगीदार मिळालाय अशी कुजबुजही कानावर आली होती; पण आपल्याच खुर्चीसाठी आपल्याला रांगेत उभं राहायचंय, हे संस्थेतल्या कुणी त्याला सांगितलं नव्हतं. ते त्या साइटकडून कळलं. "मी अप्लाय करू का ताई? का ते बरं दिसत नाही?" असं त्याने विचारलं, आणि तो प्रश्न मला दिवसभर कामात लक्ष लागू देईना.

आमच्या क्षेत्रात, म्हणजे सामाजिक संस्थांच्या कामात, असल्या साइट्सवर सगळ्यांचं रोजचं जाणं-येणं असतं. डेव्हनेटजॉब्सइंडिया, एनजीओबॉक्स; ज्यांना देशाबाहेर मदतकार्यात जायचंय त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांची रिलीफवेब. नोकरी डॉट कॉमवर 'सोशल वर्क' असं टाकलं तर विमा विकण्यापासून कॉल सेंटरपर्यंत काहीही समोर येतं. इथे तसं नाही. इथे पाणलोट, कुपोषण, बचत गट, वनहक्क, शाळाबाह्य मुलं, याच कामांच्या जागा. सकाळी चहा गाळता गाळता अलर्टचा मेल उघडायचा, नोकरीची गरज असो वा नसो. गरज नसताना वाचायलाही कारण आहे. कुठल्या जिल्ह्यात पैसा येतोय, कुठला विषय मागे पडलाय, कोणत्या संस्थेतून माणसं भराभर बाहेर पडतायत, हे त्या यादीवरून आधी कळतं. एकाच संस्थेची एकच जागा वर्षात तिसऱ्यांदा निघाली की तिथल्या साहेबांचा स्वभाव कुणाला विचारावा लागत नाही.

या जाहिराती वाचण्याची प्रत्येकाची एक रीत ठरून जाते. माझी नजर आधी ठिकाणावर जाते, मग शेवटच्या तारखेवर, मग पैसा कुणाचा आहे यावर, आणि पगाराच्या ओळीवर सगळ्यात शेवटी. कारण तिथे बहुतेक वेळा आकडा नसतोच. 'अनुभव व पात्रतेनुसार' एवढंच असतं, तेही इंग्रजीत. मग खालच्या अटींवरून पगाराचा अंदाज बांधायचा. 'स्वतःची दुचाकी आवश्यक' म्हणजे फिल्डचं काम, आणि पेट्रोलचे पैसे बिलं लावून महिन्या-दीड महिन्याने. 'तातडीने रुजू होणाऱ्यास प्राधान्य' म्हणजे आधीचा माणूस मध्येच सोडून गेलाय. 'कन्सल्टंट' म्हणजे महिन्याच्या रकमेतून 10 टक्के टीडीएस कापून हातात पडणार, पीएफचं नाव काढायचं नाही. 'दबावाखाली काम करण्याची क्षमता' ही ओळ मी तरुण मुलांना बोट ठेवून दाखवते. ती ज्या जाहिरातीत असते तिथे मुलाखतीला गेल्यावर आपणही दोन प्रश्न विचारावेत. इथे आधी कोण होतं, आणि ते का गेलं?

आमच्या घरी धुळ्याला काकांचं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयाचं, कार्ड होतं. जाड कागदाचं, घडीवर फाटलेलं, मागे नूतनीकरणाचे शिक्के. देव्हाऱ्याखालच्या खणात ते आजीच्या औषधांच्या चिठ्ठ्यांसोबत असायचं. काका दर वेळी इस्त्रीचा शर्ट घालून नोंदणी चालू ठेवायला जायचे आणि परत आले की आजी एकच विचारायची, "कॉल आला का रे?" 1959च्या कायद्याने आस्थापनांना रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवणं बंधनकारक होतं, म्हणून त्या कार्डावर केवढा भरवसा. पण कोणत्या जागा निघाल्या, त्यासाठी कुणाची नावं पाठवली, आपलं नाव का गेलं नाही, यातलं काही कार्डधारकाला दिसत नसे. तो फक्त पोस्टमनची वाट बघायचा. पुढे 1996मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एक्स्चेंजकडून नावं मागवा, पण सोबत वर्तमानपत्रातही जाहिरात द्या, ज्याला अर्ज करायचाय त्याला करता आला पाहिजे. काकांची तोवर वयोमर्यादा उलटून गेली होती. तो निकाल मला पुष्कळ नंतर कुणीतरी सांगितला तेव्हा डोळ्यासमोर आधी तो खण आला.

संस्थांच्या जगात तर तेवढंही नव्हतं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि त्यानंतर लातूर-उस्मानाबादेत देशभरातून संस्था उतरल्या. त्या काळात कामाला लागलेली ज्येष्ठ मंडळी आजही सांगतात की कुणी अर्ज केला नव्हता. कुणाच्या सरांनी चिठ्ठी दिली, कुणी शिबिरात भेटलं, कुणी मित्रासोबत चार दिवस मदतीला म्हणून गेलं आणि वीस वर्षं राहिलं. त्या माणसांनी केलेलं काम मी पाहिलंय, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्या चिठ्ठ्या कुणापर्यंत पोचत होत्या? पुण्या-मुंबईच्या समाजकार्य महाविद्यालयांत, चळवळीतल्या घरांत, ओळखीपाळखीच्या वर्तुळात. धुळ्यातल्या गल्लीत, जिथे घरातल्या कुणालाच 'संस्था' म्हणजे पतसंस्थेपलीकडे काही माहीत नव्हतं, तिथे अशी चिठ्ठी यायची शक्यताच नव्हती.

म्हणून त्या साइटबद्दल मी कृतज्ञ आहे.

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण, झाल्यावर बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत, प्लायवूडच्या खोपट्यात बसून मी ती पहिल्यांदा उघडली. शेजारच्या खोपट्यात कुणीतरी रेल्वेचं तिकीट काढत होतं, पंख्याला आवाज होता, आणि समोर पडद्यावर अख्ख्या देशातली कामं होती. कोरापुट, झाबुआ, बारमेर, गडचिरोली. मला तोवर वाटायचं की असं काम करणारे लोक म्हणजे वर्तमानपत्रात फोटो येतात ते. त्यांना आपल्यासारखी माणसं पगारावर लागतात आणि त्यासाठी चक्क जाहिरात देतात, हे बघून माझी छाती धडधडायला लागली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पाणलोटाच्या कामाची एक जाहिरात मी छापून घेतली. मुलाखतीला टेबलापलीकडे चौघं होते. त्यांच्यापैकी कुणीही मला 'कुणाकडून आलात' असं विचारलं नाही. शिवारात पाणी नेमकं कुठे अडवाल, ते कागदावर काढून दाखवा म्हणाले. मी काढून दाखवलं. रुजू व्हायचं पत्र आलं तेव्हा वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "ओळख कुणाची लावलीस?" कुणाचीच नाही, हे त्यांना बरेच दिवस खरं वाटलं नाही.

त्यामुळे 'जाहिरात कशाला द्यायची, आहे तोच माणूस ठेवा ना' असं मी सहजासहजी म्हणू शकत नाही. जागा उघड्यावर निघाली पाहिजे. देणगीदारही तसा आग्रह धरतात आणि तो योग्यच आहे, नाहीतर भाचे-पुतणे भरले जातात. नावापुरत्या जाहिराती आजही असतात. तीन दिवसांची मुदत, आणि अटी अशा की जिल्ह्यात एकाच माणसाला लागू पडाव्यात. त्या ओळखू येतात आणि त्यांचा संताप येतो, कारण असल्या जागेसाठी कुणीतरी मोलगीहून नंदुरबारला दिवस मोडून आलेलं असतं, कपडे इस्त्री करून, झेरॉक्सच्या पैशांसकट. पण धडगावच्या त्या मुलाबाबत तसंही नव्हतं. संस्थेला नियम पाळायचा होता. नियम पाळताना, समोर रोज भेटणाऱ्या माणसाला आधी दोन वाक्यं सांगायची असतात, एवढंच कुणाला सुचलं नाही.

यामागे पैशाचं एक चक्र आहे आणि ते आपल्या पंचांगाप्रमाणे चालत नाही. 2014पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करणं कायद्याने आलं. तो हिशेब आर्थिक वर्षाचा. चालू राहणाऱ्या प्रकल्पांना फार तर आणखी तीन वर्षं. 2018मध्ये केंद्र सरकारच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत नंदुरबार आलं, सोबत वाशिम, गडचिरोली आणि उस्मानाबाद, आणि या जिल्ह्याचं नाव साइटवर वरचेवर दिसू लागलं. मग 2020मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. मोठ्या संस्थेने परदेशातून आलेला पैसा लहान संस्थेला द्यायचा नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर. मोठ्या झाडाच्या आधाराने वाढलेल्या वेलींसारख्या आमच्या डोंगरातल्या छोट्या संस्था त्यात सुकल्या. त्यांच्याकडची माणसं कुठे गेली? काही मोठ्या संस्थांच्या जाहिरातींना अर्ज करू लागली, काही ऊसतोडीला गुजरातेत निघून गेली. पाड्यावरच्या बाळाचं वजन मार्चएंडला थांबत नाही. वजन करणाऱ्याचा करार थांबतो. एप्रिल-मे, म्हणजे पाणी आटलेलं, माणसं स्थलांतरावरून परतणारी, मुलांच्या पोटाकडे बघायची खरी वेळ, त्या दोन महिन्यांत आमच्याकडचे निम्मे कार्यकर्ते मुलाखती देत असतात.

एका रविवारी तो शहाद्याला माझ्याकडे आला. सोबत डायऱ्यांची पिशवी. अर्ज ऑनलाइन होता, इंग्रजीत, आणि दर काही मिनिटांनी आपोआप बंद पडणारा. जाहिरातीत लिहिलं होतं, लेखी व तोंडी इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व. मी त्याला विचारलं, इतक्या वर्षांत इंग्रजी बोलायची वेळ कितीदा आली? डोनरची माणसं आली की, म्हणाला, आणि तेव्हाही साहेब सोबत असतात. बाकी दिवस त्याचं बोलणं पावरीत, इथल्या आदिवासी बोलीत. अंगणवाडीच्या सेविकेशी, पाड्याच्या कारभाऱ्याशी, मूल आजारी असताना आधी बडव्याकडे, म्हणजे गावच्या भगताकडे, नेणाऱ्या आजीशी. नर्मदेकाठच्या गावांना रस्त्याने जाता येत नाही तिथे तो नावेने जायचा, भादलकडे, आणि मुक्काम करायचा, कारण आईशी बोलायचं तर ती संध्याकाळी शेतातून आल्यावर. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार लागतो तेव्हा बैठक ठेवायची नाही, हे त्याला कुणाला विचारावं लागायचं नाही. नवीन आलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला ते एकदा चुकूनच कळतं.

अर्जात भाषांचा रकाना होता. इंग्रजी, हिंदी, मराठी, आणि 'इतर'. इतरपुढे एवढीशी चौकट. त्याने आधी ती रिकामी सोडली. मी कारण विचारलं तर म्हणाला, "ती घरची भाषा आहे ना ताई, ती कशाला लिहायची?" मी त्याला म्हटलं, अरे, तुझ्या सगळ्या कामाचं मूळ त्या चौकटीत आहे. मग त्याने स्वतःच्या हाताने टाइप केलं. पावरी, मातृभाषा. भिली, उत्तम. पुढचा प्रश्न होता, तुमच्या कामाचा मोजता येण्याजोगा परिणाम सांगा. तिथे त्याने डायऱ्या काढल्या. तारीख, पाडा, बाळाचं नाव, वजन, पुढच्या भेटीचं वजन. काही पानांवर बैठकीतल्या चहाचे डाग, काहींवर पेन न चालल्याने पेन्सिल. कुठल्या बाळाला कुपोषित मुलांसाठीच्या ग्राम बाल विकास केंद्रात घातलं, कुठल्या आईला राजी करायला किती खेपा झाल्या, सगळं होतं. एका नावापुढे फक्त एक तारीख आणि रेघ होती. त्या पानावर तो थोडा थांबला, मीही काही विचारलं नाही. आम्ही त्या रात्री जेवण विसरून तो परिणाम मोजला, आणि इंग्रजीत चार ओळींत बसवला, कारण त्याहून जास्त अक्षरं ती चौकट घेत नव्हती.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली. धडगावात नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून तो ओळखीच्या माणसाच्या गच्चीवर जाऊन बसला. तिथे तरी दोनदा कॉल तुटला. त्याची निवड झाली. पगार थोडा वाढला, करार अकरा महिन्यांचा. मला फोन करून त्याने सांगितलं तेव्हा आवाजात सुटकेचा भाव होता, पण आनंद म्हणावा असं काही नव्हतं. "तोच रस्ता, तीच गाडी, फक्त आयकार्ड नवीन," असं म्हणाला. त्याच जागेसाठी अर्ज केलेला एक मुलगा नाशिकचा होता, हुशार, चांगल्या संस्थेतून शिकलेला. तोही साइटवरच जाहिरात बघून आला होता, माझ्यासारखाच कुणाची ओळख नसताना. त्याला नाही मिळालं. त्याचं मला वाईट वाटलं आणि याचं बरं वाटलं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटत राहिलं. त्या मुलाला मी दुसऱ्या एका जागेची लिंक पाठवली, इगतपुरीकडची.

त्यानंतर मी एक करायला लागले. या साइट्सवर आपल्या जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या ज्या जागा निघतात, त्या दर रविवारी मराठीत उतरवून व्हॉट्सॲपवर पाठवते. आमच्या भागात या कामाला खरोखर लायक असलेली कितीतरी माणसं ती साइट कधी उघडत नाहीत. आशा ताया, बचत गटाच्या सीआरपी म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, आश्रमशाळेतून बारावी होऊन घरी बसलेल्या मुली. जाहिरात त्यांच्या गावाच्या कामाची असते आणि वाचली जाते पुण्यात. मी लिहिते ते थोडक्यात. काम काय, कुठल्या तालुक्यात, किती महिन्यांचं, पगार लिहिला असेल तर किती आणि नसेल तर 'विचारून घ्या' आणि कुणाला विचारायचं त्यांचा जाहिरातीतला ईमेल. शेवटी दर वेळी एक ओळ, कुणी रजिस्ट्रेशनचे किंवा ट्रेनिंगचे पैसे मागितले तर ती नोकरी नाही, फसवणूक आहे. ही ओळ गाळू नका असं गटातल्याच एकीने सांगितलं, तिच्या बहिणीचे पैसे गेलेत.

मध्यंतरी नवापूर तालुक्यातल्या एका आशा ताईंचा फोन आला. किशोरवयीन मुलींसोबत काम करायची जागा होती, त्यांच्याच गटातली गावं. मावची त्यांच्या घरची भाषा, त्या गावांतली निम्मी बाळंतपणं त्यांनी दवाखान्यापर्यंत पोचवलेली. "सगळं जमतंय ताई, पण दुचाकी अनिवार्य लिहिलंय. मला चालवता येत नाही. माझ्याकडे गाडीही नाही." त्या गावांत फिरायला त्या आजवर काय करत होत्या, विचारलं. काळीपिवळी, एसटी, आणि उरलेलं चालत. मी जाहिरातीतल्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, ही अट आम्ही दरवेळच्या जाहिरातीतून तशीच उचलतो, तिच्यामुळे कोण गळतं याचा विचार झाला नव्हता. मी त्यांना म्हटलं, पदावर आत्ता कुणी काम करत असेल तर तेही लिहा, म्हणजे बाहेरून येणाऱ्यालाही कळेल आणि आतल्यालाही. त्यावर विचारते म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी साइटवरची जाहिरात बदललेली होती. आता तिथे होतं, दुचाकी असल्यास उत्तम, नसल्यास प्रत्यक्ष प्रवासभाडं दिलं जाईल, मावची येणाऱ्या स्थानिक महिलांना प्राधान्य. पदावर कुणी आहे की नाही, ते मात्र लिहिलं नव्हतं. त्यासाठी पुन्हा फोन करणार आहे. आशा ताईंचा अर्ज गेला, आणि त्याच आठवड्यात नवापूरकडच्या आणखी काही जणींनी माझ्याकडे ती लिंक मागितली.